चक्रीवादळातील भूपृष्ठालगतचा वारा : एक जमाखर्च

चैत्र-वैशाखातील दुपारी मराठवाड्याच्या माळरानावर वावटळ उठते; धूळ व पाचोळा गरगरत वर जातो आणि दोनचार मिनिटांत सर्व शांत होते. वळवाच्या पावसापूर्वी सुटणारा सोसाट्याचा वारा याहून पुष्कळच बलवान असतो. तो घरावरील पत्रे उडवितो व आमराईतील कैऱ्यांचा सडा पाडतो. परंतु तोही अर्ध्यापाऊण तासात ओसरतो. या दोन्ही प्रसंगी वाऱ्याच्या हाती असलेली शक्ती ही एकदाच मिळालेली पुंजी असते आणि जमिनीशी होणाऱ्या घर्षणात ती लवकरच खर्च होऊन जाते. चक्रीवादळाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यात भूपृष्ठालगतचा प्रखर वारा तासांनुतास, सागरावर तर दिवसेंदिवस, टिकून राहतो. घर्षण येथेही आहेच, किंबहुना ते फार मोठे आहे. मग हा वारा थकत कसा नाही? या प्रश्नाचा, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडलेल्या एका वादळाच्या आधारे, विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रथम नावांविषयी. पश्चिम पॅसिफिक महासागरात ज्याला टायफून, अटलांटिकमध्ये हरिकेन व आपल्याकडे चक्रीवादळ म्हणतात ते सर्व एकाच जातीचे आवर्त होत. 'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यास असलेल्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली सापाच्या वेटोळ्यावरून रूढ केला. आपण येथे जे विवेचन करणार आहोत ते या तिन्हींस सारखेच लागू आहे.

निसर्ग चक्रीवादळ

१ जून २०२० रोजी अरबी समुद्राच्या पूर्वमध्य भागात अवदाब निर्माण झाला. त्याचेच पुढे 'निसर्ग' नावाचे तीव्र चक्रीवादळ होऊन ते ३ जून रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याचा किनारा ओलांडून आत आले. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या अंदाजाप्रमाणे त्या वेळी वाऱ्याचा टिकाऊ वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता व झोत १३० पर्यंत जात होते. टिकाऊ वेग म्हणजे भूपृष्ठापासून १० मीटर उंचीवरील वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी, हा आपल्याकडील संकेत आहे. झोत म्हणजे त्या सरासरीवर काही सेकंदांपुरती येणारी उसळी.

या वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे झाड फळ धरण्यास पाचसहा वर्षे सहज घेते, नारळाचेही तसेच. म्हणजे अवघ्या काही तासांच्या वाऱ्याने अनेक वर्षांचे उत्पन्न हिरावून नेले. म्हणूनच हा वारा कशावर पोसला जातो आणि किनारा ओलांडल्यावर त्याचे काय होते, हे प्रश्न केवळ गणिताचे राहत नाहीत.

खर्चाची बाजू

वाऱ्याचा सागराशी होणारा घर्षण-ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्याचा गुणांक प्रखर वाऱ्यात सुमारे ०·००२ धरला आणि घर्षणाचा परिणाम ज्यात पोहोचतो त्या सीमास्तराची जाडी १ किलोमीटर मानली, तर एक सोपा हिशेब करता येतो. सेकंदाला ३२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११५ किलोमीटर, वेगाचा वारा नवी भर पडली नाही तर सुमारे साडेचार तासांत निम्म्यावर येईल. झाडी व घरे असलेल्या जमिनीवर हा गुणांक पाचपट मोठा धरला, तर तेच काम तासाभराच्या आत होईल. प्रत्यक्षात मात्र चक्रीवादळे सागरावर चारचार, आठआठ दिवस आपला वेग राखून असतात. याचा अर्थ, जेवढा संवेग सागर काढून घेतो जवळजवळ तेवढाच दर घटकेस कोठून तरी आत येत असला पाहिजे.

संवेगाची आवक

सीमास्तराच्या वर, घर्षणाचा उपद्रव नसलेल्या भागात, तीन प्रेरणांचा समतोल असतो. वायुभाराचा उतार हवेस केंद्राकडे ओढतो. केंद्रोत्सारी प्रेरणा व कोरिऑलिस प्रेरणा तिला बाहेर ढकलतात. केंद्रापासून ४० किलोमीटरवर सेकंदाला ३२ मीटर वेगाचा वारा समतोलात राहण्यास तेथे वायुभार दर १० किलोमीटरला सुमारे ३ मिलिबारने उतरता असावा लागतो. त्या ठिकाणी कोरिऑलिस प्रेरणा केंद्रोत्सारी प्रेरणेच्या सतरा-अठराव्या हिश्शाइतकीच भरते. म्हणजे मुख्य सामना वायुभाराचा उतार व केंद्रोत्सारी प्रेरणा यांच्यातच आहे.

आता सागरपृष्ठाजवळ या. घर्षणामुळे येथे वारा मंदावतो. वारा मंदावला की त्याच्या वेगावर अवलंबून असलेल्या दोन्ही बाह्यगामी प्रेरणा दुबळ्या होतात. परंतु वायुभाराचा उतार वरच्या हवेच्या वजनाने ठरलेला असल्यामुळे तो जवळजवळ तसाच राहतो. साहजिकच समतोल मोडतो व हवा वर्तुळाकार न फिरता सुमारे २० ते २५ अंशांनी आत वळते. असा हा अंतर्वाह घर्षणानेच निर्माण केलेला असतो.

आत येणाऱ्या हवेचे काय होते? दोरीला दगड बांधून ती एका नळीतून ओवावी, दगड गरगर फिरवावा व दोरी खालून हळूहळू ओढून घ्यावी. त्रिज्या कमी होताच दगडाचा वेग वाढतो, कारण त्याचा कोनीय संवेग कायम राहतो. हवेसही हाच नियम लागू आहे. १८ अंश अक्षांशावर केंद्रापासून ३०० किलोमीटर दूर असलेली हवा पृथ्वीच्या मानाने स्थिर असली, तरी पृथ्वीच्या परिभ्रमणाचा वाटा तिच्याजवळ असतोच. घर्षण मुळीच नसते तर ती ४० किलोमीटरपर्यंत येईतो तिचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर, झाला असता. तेथे प्रत्यक्ष वेग ३२ मीटर आहे असे मानू. मग हिशेब असा निघतो की, वाटेत सागराने तिच्या कोनीय संवेगापैकी एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग काढून घेतला. उरलेला घेऊन ती आत पोहोचली. हे अंतर उदाहरणादाखल घेतले असले तरी त्यातील मर्म खरे आहे. घर्षण वाऱ्याकडून कर घेते; पण ज्या वाटेने नवा संवेग आत येतो ती वाटही तेच उघडून देते.

विमानातून वादळात सोडलेल्या वेधयंत्रांनी या विचारास चांगला आधार दिला आहे. डोळ्याभोवतीच्या मेघभिंतीत वाऱ्याचा सर्वाधिक वेग फार उंचावर नसून सुमारे ५०० मीटर उंचीवर, सीमास्तरातच, आढळतो. घर्षणाने आत ओढलेली हवा तेथे समतोलास आवश्यक असलेल्या वेगापेक्षाही अधिक वेगाने धावत असते. मेघभिंतीखाली सागरपृष्ठावरील वारा ३ किलोमीटर उंचीवरील वाऱ्याच्या सरासरीने ९० टक्के असतो, असेही या वेधांवरून ठरले आहे. पुढे २००३ साली मार्क पॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रकारच्या वेधांवरून दाखविले की, वेग सेकंदाला सुमारे ३३ मीटरच्या पुढे गेला म्हणजे सागरावरील घर्षण-गुणांक वाढावयाचा थांबतो. फेसाने व तुषारांनी झाकलेला सागर वाऱ्यास अपेक्षेपेक्षा गुळगुळीत भासतो.

उष्णतेची आवक

एवढ्यावर विवेचन संपविले तर वाचकांस एक रास्त शंका येईल. चहाच्या पेल्यात चमच्याने केलेला भोवराही तळाशी घर्षणाने आत ओढला जातो, म्हणूनच चहाची भुकटी मध्यभागी गोळा होते. तरी तो भोवरा लवकरच विरतो. मग वादळ का विरत नाही? पेल्यात तळाशी आत आलेला द्रव मध्यभागी वर चढतो व लगेच बाहेर पसरतो. बाहेर जाताना त्रिज्या वाढते, त्यामुळे सर्व भोवराच मंदावतो. केवळ घर्षण असते तर वादळाचीही हीच गत झाली असती.

फरक पडतो तो सागराच्या उष्णतेने. आत येणारी हवा कमी वायुभाराकडे जात असते. प्रसरणाने ती थंड व्हावयास हवी. परंतु ३० अंशांच्या आसपास तापमान असलेला सागर तिला सतत ऊब व बाष्प पुरवितो, त्यामुळे तिचे तापमान फारसे उतरत नाही व बाष्प मात्र वाढत जाते. अशी बाष्पसंपृक्त हवा मेघभिंतीत शिरली म्हणजे बाष्पाच्या संघननाने दर किलोग्रॅम पाण्यामागे सुमारे २५ लक्ष जूल सुप्त उष्णता मुक्त होते. ही हवा मध्येच बाहेर न पसरता १२ ते १६ किलोमीटरपर्यंत चढते व तेथे बाहेर पडते. दरम्यान वादळाचा गाभा सभोवतालच्या हवेपेक्षा उष्ण, म्हणून हलका होतो. त्याच्या तळाशी वायुभार उतरतो व तो उतार टिकून राहतो.

गाभा उष्ण असल्याचा आणखी एक परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. हलक्या हवेचा स्तंभ ज्या उंचीपासून सुरू होतो तेथपासून खाली येताना वायुभारातील तफावत वाढत वाढत जाते व ती भूपृष्ठाजवळ सर्वाधिक होते. समशीतोष्ण प्रदेशांतील शीतगाभ्याच्या आवर्तांत वारा उंचीबरोबर वाढतो. उष्ण कटिबंधातील चक्रीवादळात तो सीमास्तराच्या वर उंचीबरोबर घटतो. ज्या वाऱ्याचा सर्वांत प्रखर भाग घरांच्या व झाडांच्या इतका जवळ असतो, असा एवढा विस्तृत आवर्त निसर्गात दुसरा नाही.

या देवघेवीकडे पाहण्याच्या दृष्टीत कालांतराने बदल झाला आहे. १९६४ साली चार्नी व एलियासेन यांनी घर्षणजन्य अंतर्वाह व मेघांची उष्णता ही परस्परांस साहाय्य करतात या कल्पनेवर वादळाच्या वाढीचा सिद्धान्त मांडला. १९८६ साली केरी इमॅन्युएल यांनी भर दिला तो सागराकडून मिळणाऱ्या उष्णतेवर. त्यांच्या मते परिपक्व वादळ हे एक उष्णता-यंत्र आहे. ते ३० अंशांच्या सागराकडून उष्णता घेते व उणे ७० अंशांच्या आसपास असलेल्या उच्च वातावरणात ती टाकते. म्हणून त्याची आदर्श कार्यक्षमता सुमारे एक-तृतीयांश येते. सागराकडून होणारी आवक वाऱ्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, तर घर्षणातील खर्च वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला तर आवक दुप्पट, खर्च आठपट. ज्या वेगास जमा व खर्च यांचा मेळ बसतो तो वेग वादळाची कमाल मर्यादा ठरतो. वारा टिकतो कसा आणि तो अमर्याद वाढत का नाही, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच समीकरणात मिळते, हे या मांडणीचे वैशिष्ट्य होय.

किनाऱ्यावर

आता पुन्हा ३ जूनच्या दुपारकडे वळू. वादळ ईशान्येकडे सरकत होते व त्याचे केंद्र मुरूडच्या आसपास किनाऱ्यास भिडले. आपल्या गोलार्धात आवर्तातील वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणून केंद्राच्या आग्नेयेस, श्रीवर्धन-दापोलीच्या बाजूस, वारा नैर्ऋत्येकडून म्हणजे थेट समुद्रावरून आला व वादळाच्या स्वतःच्या गतीची त्यात भर पडली. केंद्राच्या उत्तरेस असलेल्या मुंबईकडे वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येत होता आणि तेथे वादळाची गती वजा होत होती. मुंबईस या वादळाची झळ तुलनेने कमी बसली याचे एक कारण हे आहे.

समुद्रावरून आलेला वारा वाडीत शिरतो तेव्हा काय होते? भूपृष्ठाजवळ वाऱ्याचा वेग उंचीच्या लघुगणकाप्रमाणे वाढतो व पृष्ठाच्या खरबरीतपणावर अवलंबून असतो. सागराचा खरबरीतपणा २ मिलिमीटर व वाडीचा अर्धा मीटर धरू. २०० मीटर उंचीवरील वारा किनारा ओलांडताना लगेच बदलत नाही असे मानले, तर १० मीटर उंचीवर सागरावर त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश वेग असतो. वाडीवर निम्माच उरतो. वेगमापक यंत्र पाहणारा म्हणेल की, वारा उतरला. परंतु त्याच सूत्राने घर्षण-ताण काढला तर तो जमिनीवर सागरावरील ताणाच्या साडेतीन पटींहून अधिक भरतो! यात विसंगती काहीच नाही. वारा मंदावला याचाच अर्थ त्याचा संवेग कोणीतरी घेतला. आणि तो घेणारे म्हणजे पोफळीचे बुंधे, नारळाचे शेंडे, कौले, पत्रे व भिंती. सागरावर जो कर लाटा भरीत होत्या तो आता वाडी भरते, आणि तोही अधिक दराने. सरासरी वेगाच्या आकड्यावरून नुकसानीचा अंदाज बांधणे का फसते, हे यावरून ध्यानी यावे.

शिवाय झोतांचा विचार केला पाहिजे. खरबरीत पृष्ठावर संक्षोभ वाढतो व दोनअडीचशे मीटरवरील अद्याप न मंदावलेली हवा मधूनमधून खाली उतरते. सरासरी वारा कमी झाला तरी झोत त्या मानाने कमी होत नाहीत. कारण झोताचे भांडवल वरच्या थरात शिल्लक असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ११५ किलोमीटर वेगास तो दर चौरस मीटरला सुमारे ६० किलोग्रॅम वजनाइतका, तर १३० किलोमीटरच्या झोतास सुमारे ७५ किलोग्रॅम वजनाइतका असतो. उतरत्या छपरावर हाच परिणाम वर ओढणाऱ्या शोषणाच्या रूपाने होतो. पत्रा दाबाने मोडत नाही. तो उचलला जातो.

सह्याद्रीच्या अलीकडे

जमिनीवर आलेले वादळ विरते ते केवळ अधिक घर्षणामुळे, असा समज सहज होतो. १९६० सालच्या 'डॉना' हरिकेनचा अभ्यास करून बॅनर मिलर यांनी १९६४ साली दाखविले की, मुख्य कारण सागराची उष्णता तुटणे हे आहे. सागराचे पाणी लाटांनी घुसळले जाऊन उष्णता वर आणीत राहते. जमिनीचा वरचा पापुद्रा थोड्याच वेळात निवतो व खालची उष्णता फार सावकाश वर येते. जमा थांबते व खर्च वाढतो. अंतर्वाह चालूच असतो, किंबहुना वाढतो. पण आत आलेली हवा आता फार वर चढू शकत नाही, मध्येच बाहेर पसरते. मघाचा चहाचा पेला तो हाच.

ही घट किती वेगाने होते? अमेरिकेच्या सपाट किनाऱ्यावरील वादळांवरून कॅप्लान व डीमारिया यांनी १९९५ साली दिलेल्या सूत्राप्रमाणे किनारा ओलांडताच वेगात एक-दशांश घट येते; त्यानंतर ताशी सुमारे ४९ किलोमीटरच्या वर असलेला वेग दर सात-सव्वासात तासांनी निम्मा होतो. हे सूत्र 'निसर्ग' वादळास लावले तर पंधरा तासांनंतर वेग ताशी ६० किलोमीटरच्या थोडा वर राहावयास हवा होता. प्रत्यक्षात ४ जूनच्या सकाळी विदर्भाच्या पश्चिम भागाजवळ त्याचा केवळ अवदाब उरला होता, म्हणजे वेग ताशी ५० किलोमीटरच्या पलीकडे नव्हता. या शीघ्र घटीत सह्याद्रीच्या उभ्या भिंतीचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. श्रीवर्धनपासून सुमारे ३०० किलोमीटरवर असलेल्या छत्रपती संभाजीनगरास चक्रीवादळ पोहोचते ते बहुधा ढग व पाऊस या रूपानेच. नुकसान करणारा वारा येथे आणतो तो वळीव. सागरी वाऱ्याचे भांडवल घाटमाथ्यापर्यंतच मोठ्या अंशी खर्च होते, आणि ते खर्च होते कोकणपट्टीवर.

तथापि ही घट सर्वकाळ एकच राहील असे धरून चालता येणार नाही. २०२० साली लिन ली व पिनाकी चक्रवर्ती यांनी उत्तर अटलांटिकमधील अर्धशतकाची तुलना करून दाखविले की, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हरिकेन जमिनीवरील पहिल्या दिवसात आपली सुमारे ७५ टक्के तीव्रता गमावीत असत. आता हे प्रमाण सुमारे ५० टक्के झाले आहे. तापलेल्या सागरावरून वादळ अधिक बाष्प बरोबर घेऊन येते व शिदोरीप्रमाणे ते जमिनीवर पुरवून वापरते, असे त्यांचे म्हणणे आहे. हा निष्कर्ष अरबी समुद्रास जसाच्या तसा लावता येत नाही. पण 'वादळ किनाऱ्यावर आले म्हणजे संपले' हा धीर देणारा समज तपासून पाहण्यास तो पुरेसा आहे.

सारांश, चक्रीवादळातील भूपृष्ठालगतचा वारा ही साठवलेली पुंजी नसून चालू व्यवहार आहे. उष्णता सागर देतो, संवेग दूरच्या हवेतून येतो, आणि दोहोंस आत आणणारा अंतर्वाह घर्षण घडविते. किनाऱ्यावर या व्यवहारातील जमेची बाजू बंद पडते, पण खाते त्याच क्षणी मिटत नाही. ते मिटेपर्यंतचे जे काही तास असतात त्यांतील शिल्लक वाडी व घरे यांच्याकडून वसूल होते. म्हणून कोकणातील घराचे छप्पर किती बळकट असावे, पत्र्यास किती आकडे मारावेत, वाडीच्या समुद्राकडील कडेस कोणती झाडे लावावीत, या प्रश्नांचा विचार करताना सरासरी वेगाचा आकडा पुढे ठेवून भागणार नाही. झोत व घर्षण-ताण यांचा हिशेब मांडावा लागेल. किनारा ते घाटमाथा या पट्ट्यात १० मीटर उंचीवरील वाऱ्याचे वेध अधिक दाट घेतले गेले तर वर केलेली गृहीते पारखून घेता येतील. भौतिकी व भूगोल या दोन्ही विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या दिशेने करण्यासारखे काम पुष्कळ आहे.